सव्वीस सुरुंग आणि गप्प बसणारा पंच

१८ मार्च १९१५. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि ब्रिटिश-फ्रेंच आरमाराने तुर्कस्तानातल्या दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीवर हल्ला केला होता. दुपारी दोनच्या सुमारास ‘बुव्हे’ ही फ्रेंच युद्धनौका तिथे उजवीकडे वळत होती. वळता वळता तिच्या पोटाखाली स्फोट झाला आणि दोनेक मिनिटांत ती उलटून तळाला गेली. सहाशेहून अधिक माणसं तिच्याबरोबर बुडाली. चारच्या पुढे ब्रिटिशांच्या ‘इन्फ्लेक्सिबल’ला जबर दणका बसला, पाठोपाठ ‘इररेझिस्टिबल’ला, आणि सहाच्या सुमारास ‘ओशन’ला. ‘इन्फ्लेक्सिबल’ कशीबशी वाचली, बाकीच्या दोघी गेल्या. हे सगळं केलं सव्वीस पाणसुरुंगांनी. ८ मार्चच्या पहाटे ‘नुसरत’ नावाच्या, जेमतेम चाळीस मीटर लांबीच्या तुर्की जहाजाने ते एरेन्कॉयच्या उपसागरात किनाऱ्याला समांतर, एका ओळीत सोडले होते.

मला त्या दिवसातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट बुडालेल्या जहाजांच्या यादीत सापडत नाही. ती त्यानंतरच्या गोंधळात सापडते. हल्ला करणाऱ्या आरमाराचा प्रमुख, ब्रिटिश ॲडमिरल द रोबेक, याला आपली जहाजं कशानं गेली हे कळलंच नाही. तुर्कांनी प्रवाहाबरोबर तरंगते सुरुंग सोडले असावेत किंवा किनाऱ्यावरून टॉर्पेडो मारले असावेत, असा त्याचा कयास होता. जिथे स्फोट झाले ते पाणी साफ समजलं जात होतं. आधीच्या दिवसांत जहाजं तिथूनच वळून गेली होती. त्यामुळे पुढे जावं की थांबावं हा निर्णय ज्याला घ्यायचा होता, त्याला शत्रूचं हत्यार कोणतं हेही ठाऊक नव्हतं. आरमाराने तसा हल्ला पुन्हा केला नाही. २५ एप्रिलला सामुद्रधुनीलगतच्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर दोस्तराष्ट्रांच्या फौजा उतरल्या आणि पुढचं सगळं महाभारत घडलं.

नोकरी सॉफ्टवेअरची आणि नाद इतिहासाचा, त्यामुळे फावल्या वेळात मी त्या काळातल्या आरमारी लढायांचा संगणकावरचा खेळ बांधत असतो. तोफा, चिलखत, कोळसा, धूर, सिग्नलची निशाणं ही मंडळी इंजिनात, म्हणजे खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, गुण्यागोविंदाने बसतात. प्रत्येकाला आकडा देता येतो आणि आकड्यांचं भांडण लावून निकाल काढता येतो. सुरुंगांनी मात्र मला जितकं जागवलं तितकं कुणीच नाही. सुरुंग फुटल्यावर काय होतं हा हिशेब सोपा आहे. अवघड आहे ते फुटण्याआधीचं: तो कुणाला माहीत आहे, कुणाला नाही, कुणाला चुकीचं माहीत आहे. इतिहासाशी इमान राखायचं आणि इंजिनाला झेपेल तेवढंच करायचं ही ओढाताण सुरुंगांच्या बाबतीत सगळ्यांत जास्त जाणवते. माझं मत आता पक्कं झालं आहे, की इंजिनाची जी काही थोडीथोडकी ताकद हाताशी असते ती सुरुंगाच्या भौतिकशास्त्रावर न घालवता या माहीत असण्या-नसण्यावर खर्च करावी.

आधी मोजमापाचा प्रश्न. ‘वॉर इन द पॅसिफिक: ॲडमिरल्स एडिशन’ हा या छंदातला एक महाकाय खेळ. त्यात नकाशावरचा एकेक षट्कोन ४० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ७४ किलोमीटरचा आहे. दार्दानेल्सची सामुद्रधुनी सुमारे ६० किलोमीटर लांब. अख्खी सामुद्रधुनी, तिचे किल्ले, तिच्यातल्या सुरुंगांच्या सगळ्या ओळी आणि एरेन्कॉयचा उपसागर हे सगळं तशा एका षट्कोनात मावेल आणि वर जागा उरेल. तिथे सुरुंग म्हणजे बंदराला चिकटलेला एक आकडा असतो, आणि त्या खेळापुरतं ते योग्यच आहे. प्रशांत महासागराचं अख्खं युद्ध एकेका दिवसाच्या चालीने खेळणाऱ्याला सुरुंग कुठल्या खडकाच्या पूर्वेला आहे हे जाणून काय करायचं? पण मला एका दुपारची लढाई दाखवायची होती. तिथे आकडा पुरत नाही.

मग दुसरं टोक. प्रत्येक सुरुंग स्वतंत्र वस्तू म्हणून पाण्यात टाकायचा. दार्दानेल्समध्ये आडव्या दहा ओळींत साडेतीनशेच्या आसपास सुरुंग होते आणि नुसरतचे सव्वीस. एवढं कुठलंही इंजिन सांभाळेल. पण १९१८ साली अमेरिकन आणि ब्रिटिश आरमारांनी स्कॉटलंड आणि नॉर्वे यांच्या मधल्या उत्तर समुद्रात जो अडसर घातला त्यात सत्तर हजार सुरुंग होते. सत्तर हजार बिंदू लक्षात ठेवणं आजच्या संगणकाला काहीच नाही. घोटाळा वेगळ्या ठिकाणी होतो. बहुतेक इंजिनांत पाण्यातली प्रत्येक वस्तू हे एक ‘युनिट’ असतं. तिला बाजू असते, दिसण्याची-लपण्याची क्षमता असते, आणि दर पावलाला ‘मला कुणी पाहिलं का, माझ्याजवळ कुणी आलं का’ ही विचारपूस तिच्यासाठीही होते. साठ जहाजं आणि सत्तर हजार सुरुंग म्हणजे एका पावलाला बेचाळीस लाख विचारपुशी. पडदा गोठतो. पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जातो.

आणि एवढं करूनही सुरुंग फुटेलच याची खात्री नाही. इंजिन वेळ तुकड्यांत मोजतं. तीस सेकंदांचं एक पाऊल धरलं तर १२ नॉट वेगाचं जहाज एका पावलात साधारण १८५ मीटर पुढे जातं. नुसरतचे सुरुंग एकमेकांपासून शंभरेक मीटरवर होते. मधल्या क्षणी जहाज कुठे होतं हे इंजिनाने विचारलंच नाही तर ते सुरुंगांच्या ओळीवरून टुणकन उडी मारून पलीकडे जातं. ‘बुव्हे’ वाचते, इतिहास बदलतो, आणि कारण काय, तर घड्याळाचा काटा जाड होता. यावर उपाय आहे. जहाजाच्या जागेऐवजी एका पावलातला त्याचा सगळा मार्ग पट्ट्यासारखा धरायचा आणि त्या पट्ट्यात सुरुंग येतो का ते पाहायचं.

हा पट्टा काढताना एक गोष्ट हाती लागली. तिने मला दार्दानेल्सकडे नव्याने पाहायला लावलं. सरळ जाणारं जहाज पाण्यात आपल्या रुंदीएवढाच पट्टा कापतं. ‘बुव्हे’ची रुंदी २१ मीटरच्या आसपास. शंभर मीटर अंतराच्या ओळीतून ती काटकोनात गेली असती, तर पाचपैकी चार वेळा सुखरूप सुटली असती. पण वळणारं जहाज आगगाडीसारखं रुळावरून वळत नाही. नाळ, म्हणजे पुढचं टोक, आत वळते आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. ते तिरकं घसरत जातं आणि आपल्या रुंदीपेक्षा बराच मोठा पट्टा झाडून काढतं. म्हणजे सव्वीसच सुरुंग हातात असतील तर ते जिथे जहाजं वळतात तिथे ठेवणं सगळ्यांत फायद्याचं. आधीच्या तोफमाऱ्यांच्या वेळी ही जहाजं एरेन्कॉयच्या उपसागरात शिरून वळतात हे तुर्कांनी काठावरून पाहिलं होतं. भूमिती त्यांनी कागदावर मांडली असेल वा नसेल, जागा त्यांनी अचूक हेरली. माझ्या इंजिनात जहाज म्हणजे एक सरळ आयत होता, तो मी वळणात फुगणारा केला. चार ओळींचा बदल, पण त्या चार ओळींसाठी मी आठवडाभर जहाजांच्या वळणांचे तक्ते वाचत बसलो होतो.

आता फाशांबद्दल. पुष्कळ खेळांत मधला मार्ग असा असतो: समुद्राचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाला सुरुंगांची दाटी द्यायची, आणि जहाज त्यातून गेलं की फासा टाकायचा. खर्च नगण्य. सरासरी काढली तर उत्तरही फारसं चुकत नाही. मी हिशेब करून पाहिला. तीन किलोमीटर लांब-रुंद पाण्यात सव्वीस सुरुंग कसेही विखुरले, तर २१ मीटर रुंदीचं जहाज त्यातून आरपार जाताना धडकण्याची शक्यता शंभरात सतरा-अठराच्या घरात येते, आणि ओळ सरळ ओलांडताना ती शंभरात वीस-एकवीस. एवढ्या फरकासाठी कोण भांडेल?

भांडण फरकाचं नाहीच. फासा प्रत्येक जहाजासाठी नव्याने पडतो. खरा सुरुंग जिथे आहे तिथेच असतो. पुढचं जहाज सुखरूप गेलं तर त्याच्या मागोमाग, त्याच्याच पाण्यातून जाणाऱ्या जहाजाला ते गेलं याचा अर्थ असतो. रांगेतला प्रत्येक कप्तान पुढच्याच्या फेसावर नजर ठेवून असतो ती उगाच नाही. फाशाच्या खेळात मात्र पहिल्याच्या जिवावर दुसऱ्याला काहीच कळत नाही. सात जहाजं एकाच वाटेने गेली तर सात वेळा फासा पडतो. शहाणपण वापरायला जागाच नसते. खेळणारा हे पटकन ओळखतो आणि जहाजं रांगेत न्यायची सोडून कशीही पसरून नेऊ लागतो, कारण रांगेचा काही उपयोगच नसतो. म्हणजे इंजिनाने केलेल्या काटकसरीतून एक खोटी युद्धनीती जन्माला येते. इतिहासाशी केलेली ही प्रतारणा कुठल्याही चुकीच्या चिलखताच्या जाडीपेक्षा मोठी आहे, असं मला मनापासून वाटतं. (दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तळाशी बसणारे चुंबकीय सुरुंग आणले आणि त्यांतल्या काहींत मोजणी करणारं यंत्र घातलं. ठरावीक जहाजं वरून जाऊ द्यायची आणि मग फुटायचं. पुढच्याच्या मागे जाण्याचा भरवसाच त्यांनी हेरून मोडला. तो भरवसा ज्या खेळात नाही त्या खेळात हा सुरुंग कशाला घाबरवेल?)

मी शेवटी जे केलं ते सांगतो. समुद्राच्या चौकोनाला एक बीज-संख्या द्यायची. जहाज त्या चौकोनात शिरलं की त्या संख्येवरून तिथले सुरुंग जागच्या जागी निर्माण होतात, आणि दर वेळी तिथेच निर्माण होतात. जहाज निघून गेलं की ते पुन्हा विसरले जातात. लक्षात ठेवायचे ते फक्त फुटलेले आणि काढलेले. सत्तर हजारांचा अडसरही अशाने एका छोट्या फाइलीत बसतो, पहिल्या जहाजाची वाट दुसऱ्याला उपयोगी पडते, आणि पंखा शांत राहतो.

मग सेव्ह आणि रीलोडचा प्रश्न आला. माणूस जहाज बुडालं की खेळ मागे नेतो आणि दुसऱ्या वाटेने जातो. आता त्याला सुरुंग कुठे आहे ते माहीत असतं. द रोबेकला जे महिनोन् महिने कळलं नाही ते याला दहा सेकंदांत कळतं. मी नियम केला: ज्या पाण्यातून जहाजं प्रत्यक्ष गेली किंवा जे पाणी साफ केलं, ते जसंच्या तसं ठेवायचं. बाकीचं पाणी खेळ पुन्हा उघडला की नव्या बीजाने पेरायचं. जे कुणी पाहिलेलंच नाही ते बदललं म्हणून तक्रार कोण करणार? सुरुंग पेरणाऱ्या बाजूने खेळत असाल तर अर्थातच हा नियम लागू नाही. तुमचा नकाशा तुमच्याजवळ असतो.

संगणकाच्या हातातल्या जहाजांचं काय, हा भाग मला सगळ्यांत नाजूक वाटतो. वाट शोधणाऱ्या अल्गोरिदमला धोका टाळायला सांगावं लागतं. धोक्यांची यादी एकच असेल, तर शत्रूची जहाजं तुम्ही लपवून ठेवलेल्या सुरुंगांनाही वळसा घालतात. हे मी अनेक खेळांत पाहिलं आहे. त्याहून वाईट प्रकार उलटा असतो. शत्रूची विनाशिका मोकळ्या समुद्रात काही कारण नसताना जराशी डावीकडे जाऊन पुन्हा सरळ होते. नजर असलेला खेळाडू तिथे नकाशावर लगेच पेन्सिलीने फुली मारतो. तिच्या त्या छोट्याशा वळणाने सगळं गुपित फोडलेलं असतं. म्हणून माझ्या खेळात प्रत्येक बाजूला सुरुंगांचा आपापला नकाशा आहे, आणि तो खरा असेलच असं नाही. त्यात ऐकीव सुरुंग असतात, जे नाहीतच. साफ समजलेलं पाणी असतं, जे साफ नाही. स्मृती थोडी जास्त लागते, पण हा खर्च मी आनंदाने करतो.

संगणकाच्या आधी हे खेळ टेबलावर खेळले जात. फ्रेड जेनचा आरमारी युद्धखेळ १८९८ सालचा. अमेरिकेत न्यूपोर्टच्या नेव्हल वॉर कॉलेजात त्याही आधीपासून असे खेळ चालत. तिथे दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच असे. सुरुंग कुठे आहेत ते त्याच्याजवळच्या नकाशावर. खेळाडू चाल सांगे, पंच नकाशा पाही आणि तोंड उघडे ते फक्त जहाजावरच्या माणसाला जे दिसलं-ऐकलं असतं तेवढं सांगायला. संगणक आज त्या पंचाच्या खुर्चीत बसला आहे, पण त्याला गप्प बसायची सवय नाही. स्फोट झाला की पडद्याच्या कोपऱ्यात तो तत्परतेने लिहितो: ‘बुव्हे सुरुंगावर आदळली.’ त्या एका ओळीने १८ मार्चची अख्खी दुपार नासते. ते सुरुंगच होते हे त्या दिवशी कुठल्याही ब्रिटिश जहाजावर खात्रीने ठाऊक नव्हतं.

मी संदेश बदलला. आता एवढंच येतं: ‘बुव्हे, उजव्या बाजूला स्फोट. नौका कलते आहे.’ मग सहकाऱ्यांचे अहवाल येतात. एक म्हणतो दारूगोळ्याच्या कोठारात गोळा पडला असावा, एक म्हणतो टॉर्पेडो, एक म्हणतो पाण्यात काहीतरी तरंगताना दिसलं. त्यांतला कुठला खरा हे इंजिन कधीच सांगत नाही.

पुण्यातला माझा एक मित्र या सिनारिओत, म्हणजे खेळातल्या या लढाईत, दोस्तराष्ट्रांच्या बाजूने बसला होता. इतिहास त्याच्या फारसा वाचनातला नाही, बुद्धिबळ मात्र पक्कं. दुसरं जहाज गेल्यावर त्याने सगळं आरमार उपसागरातून बाहेर, प्रवाहाच्या मध्यावर आणलं. किनाऱ्यावरून टॉर्पेडो येत आहेत असं त्याने धरलं होतं. मग मध्यावर तरंगत्या सुरुंगांची भीती वाटून पुन्हा आत नेलं. बराच वेळ काहीच न करता बसला आणि म्हणाला, “अरे, मला मारतंय कोण तेवढं तरी सांग.” मी म्हटलं, “सांगता येत नाही.” “येत नाही की सांगत नाहीस?” असं म्हणून त्याने माघारीचा हुकूम दिला. त्याच्या उरलेल्या जहाजांना ओरखडाही नव्हता. तोफा भरलेल्या होत्या. मला तो क्षण फार मोलाचा वाटला. द रोबेकने त्या संध्याकाळी हेच केलं होतं, आणि इंजिनाने मित्राला ते करायला भाग पाडलं नव्हतं.

पण ज्याने इतिहास वाचला आहे त्याचं काय? नुसरतचं नाव ज्याला माहीत आहे तो पहिल्या मिनिटापासून एरेन्कॉयच्या उपसागराकडे फिरकतच नाही. ओळ इतिहासात जिथे होती तिथेच ठेवली तर खेळ इतिहासासारखा घडूच शकत नाही. इथे माझं काही जाणत्या मित्रांशी मनापासून वाजलं. त्यांचं म्हणणं, नुसरतची ओळ हलवलीस तर तो दार्दानेल्स कसला? माझं म्हणणं असं, की त्या पहाटे पक्कं होतं ते एवढंच: एक छोटं जहाज, सव्वीस सुरुंग, अंधार, आणि शत्रूच्या सवयींवर ठेवलेली नजर. ओळीची जागा त्या सवयीतून निघाली. शत्रू दुसरीकडे वळत असता तर ओळ दुसरीकडे पडली असती. म्हणून माझ्या खेळात इंजिन आधीच्या तोफमाऱ्यांच्या दिवसांत खेळाडूची जहाजं कुठे रेंगाळतात, कुठे वळतात याची मुकाट्याने नोंद ठेवतं. मग एके रात्री तुर्कांची बाजू त्या नोंदीवरून आपली ओळ पेरते, थोडीफार चुकतेसुद्धा. रोज वळायची जागा बदलणाऱ्या खेळाडूला ती ओळ कधीच भेटत नाही. सोयीची जागा सापडली म्हणून तिथेच वळत राहणाऱ्याला ती भेटते, मग त्याने नुसरतवरची सगळी पुस्तकं का पालथी घातलेली असेनात.

हे दार्दानेल्सपुरतं नाही, हे मला पोर्ट आर्थर या चीनच्या किनाऱ्यावरच्या तेव्हाच्या रशियन आरमारी तळाने शिकवलं. रशिया-जपान युद्धात जपानी युद्धनौका पोर्ट आर्थरची नाकेबंदी करत ठरल्या वाटेने येरझारा घालत. रशियन सुरुंगनौका ‘अमूर’च्या कप्तानाने ते टिपलं. १४ मे १९०४ रोजी धुक्याच्या आडोशाने त्याने त्या वाटेवर पन्नास सुरुंग सोडले. दुसऱ्याच दिवशी ‘हात्सुसे’ आणि ‘याशिमा’ त्यांवर गेल्या. जपानकडे त्या वेळी सहा युद्धनौका होत्या. एका दिवसात तिसरा हिस्सा संपला. आणि याच्या महिनाभर आधी जपान्यांनी रशियनांना असंच गाठलं होतं: १३ एप्रिलला ‘पेट्रोपाव्हलोव्हस्क’ बंदराच्या तोंडाशी सुरुंगावर गेली, तिच्यावर ॲडमिरल मकारोव्ह होता आणि युद्धचित्रं काढणारा प्रसिद्ध चित्रकार व्हेरेश्चागिनही. दोघंही गेले. प्रत्येक वेळी कुणीतरी कुणाची तरी ये-जा पाहत होतं. तोफखान्याचे तक्ते कितीही बारकाईने भरले तरी हे पाहणं इंजिनात नसेल तर सुरुंगयुद्ध त्यात नाही.

सुरुंग काढणं खेळात कंटाळवाणं होतं ही तक्रार मी समजू शकतो. खेळाडूला तोफा डागायच्या असतात, संथ ट्रॉलर मागे दोर ओढत नेताना पाहायचं नसतं. पण दार्दानेल्सची गाठ तिथेच आहे. सुरुंग युद्धनौकांना अडवत होते. ते काढायला आलेल्या ट्रॉलरना काठावरच्या तोफा अडवत होत्या. त्या तोफा गप्प करायला युद्धनौकांनी जवळ यायचं, तर मध्ये सुरुंग. ट्रॉलरवरचे लोक उत्तर समुद्रातले मच्छीमार होते. प्रवाह समोरून येणारा, वेग माणसाच्या चालीएवढा, आणि रात्री सर्चलाइटच्या झोतात वरून गोळे. सुरुंगांचं त्यांना फारसं भय नव्हतं, तोफांचं होतं. मी इथे काटकसर केली. दोरांचं, त्यांच्या ताणाचं, खोलीचं गणित सगळं काढून टाकलं. एका ट्रॉलरच्या जोडीने किती पाणी साफ केलं ते एका साध्या दराने ठरतं. ठेवलं ते एवढंच: गोळे जवळ पडू लागले की तो दर घसरतो, आणि परत आलेली जोडी ‘पाणी साफ आहे’ असं सांगते तेव्हा ते कितपत खरं मानायचं हे खेळाडूवर सोपवलेलं असतं.

खोलीच्या बाबतीत मात्र मी कडक नियम मोडून सैल केला. पुष्कळ खेळांत अमुक खोलीपलीकडे सुरुंग टाकताच येत नाहीत. सोयीचा नियम आहे, कारण इंजिनाला तेवढा समुद्र वगळता येतो. पण १९ डिसेंबर १९४१ च्या रात्री ट्रिपोलीजवळ ब्रिटिशांची ‘फोर्स के’ नावाची तुकडी इटालियन सुरुंगांत शिरली ती जिथे एवढ्या खोलीत कुणी सुरुंगांची अपेक्षाच केली नव्हती अशा पाण्यात. ‘नेपच्यून’ क्रूझर एकामागून एक सुरुंगांवर जाऊन बुडाली. सातशेहून अधिक माणसांपैकी एकच वाचला. खेळाडूला ‘इथे सुरुंग असूच शकत नाहीत’ ही खात्री इंजिनाने देऊ नये, एवढं मी त्यातून घेतलं.

आपल्या समुद्राचा यात संबंध नाही असं वाटत असेल तर १९१७ साल पाहा. ‘वुल्फ’ हे व्यापारी जहाजाच्या वेशातलं जर्मन जहाज पोटात साडेचारशेहून अधिक सुरुंग घेऊन निघालं होतं. त्याने दक्षिण आफ्रिकेजवळ, कोलंबोजवळ आणि फेब्रुवारीत मुंबईजवळ ते पेरले आणि पुढे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे गेलं. २३ जून १९१७ रोजी पी अँड ओ कंपनीचं ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज मुंबईजवळच्या समुद्रात त्या सुरुंगावर जाऊन बुडालं. पेरणारा कधीच दुसऱ्या महासागरात पोचला होता, मध्ये चार महिने गेले होते. ऑस्ट्रेलियाजवळ जुलैत ‘कंबरलँड’ जहाजाला स्फोटाने भोक पडलं तेव्हा तर आधी तो आतूनच झालेला स्फोट मानला गेला.

मुंबईचा हा सिनारिओ मी करून पाहिला आणि सोडून दिला, कारण माझं इंजिन एका दिवसाच्या लढाईसाठी बांधलेलं आहे. चार महिने काहीही न घडणं त्याला दाखवता येत नाही. शिवाय आपल्याकडची भरती-ओहोटी. दार्दानेल्समध्ये ती नाममात्र, म्हणून मी पाण्याची पातळी स्थिर धरली होती. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं-उतरतं. नांगराच्या तारेने तळाशी बांधलेला सुरुंग भरतीला खोल राहतो आणि उथळ तळाचं जहाज त्यावरून निघून जातं. ओहोटीला तोच सुरुंग पृष्ठभागाशी येतो. एकच जागा, एकच जहाज, सकाळी सुखरूप आणि दुपारी नाही. कोकणातला कुठलाही तांडेल बंदरात शिरायच्या आधी पाण्याची वेळ विचारतो. ते गणित नीट बसवल्याशिवाय मुंबईला हात लावायचा नाही, असं ठरवलं आहे.

सध्या पोर्ट आर्थर हाती आहे. तिथे एक नवी अडचण आहे. युद्ध सुरू होऊन जेमतेम काही दिवस झाले होते, तेव्हा ११ फेब्रुवारी १९०४ रोजी ‘येनिसेई’ ही रशियन सुरुंगनौका पोर्ट आर्थरजवळच्या डाल्नी बंदरापाशी आपणच पेरलेल्या सुरुंगावर बुडाली आणि मदतीला गेलेली ‘बोयारिन’ क्रूझरही तिथल्याच सुरुंगावर गेली. माझ्या इंजिनात प्रत्येक बाजूचा नकाशा त्या बाजूच्या सगळ्या जहाजांना एकाच वेळी ठाऊक असतो. तो आता जहाजागणिक वेगळा करावा लागेल. पेरणाऱ्या जहाजाचा नकाशा बंदरात पोचेपर्यंत दुसऱ्या कुणाला दिसता कामा नये, आणि पेरणारं जहाजच बुडालं तर तो त्याच्याबरोबर जायला हवा. त्या युद्धातल्या सुटलेल्या सुरुंगांनी पुढे चीनच्या किनाऱ्यावर शेकडो मच्छीमार आणि खलाशी मारले. १९०७ च्या हेग परिषदेत चीनने ते मांडलं आणि नांगर तुटलेला सुरुंग निकामी व्हायलाच हवा असा करार झाला. म्हणून सिनारिओच्या शेवटच्या चालीनंतर सुरुंग नकाशावरून पुसून टाकणारी जी ओळ आतापर्यंत कोडमध्ये होती, ती मी काढली आहे. एका सिनारिओतले उरलेले सुरुंग आता पुढच्या सिनारिओच्या समुद्रात जातात, आणि त्या समुद्रात मासेमारीच्या होड्याही आहेत.